निळा डबा

आमच्या स्वयंपाकघराच्या माळ्यावर पत्र्याचा एक निळा डबा आहे. मूळचा बिस्किटांचा. असे डबे बहुतेक घरांत असतात आणि त्यांत सुईदोरा, नाहीतर जुनी बटणं असतात. आमचा डबा मात्र वर्षातले अकरा महिने रिकामा असतो. डिसेंबर लागला की मी तो खाली काढते, धुऊन उन्हात ठेवते आणि वसईला मैत्रिणीकडे पोचवते. नाताळच्या दुसऱ्या दिवशी तो भरून परत येतो.

या महिन्यात त्या डब्याबद्दल लिहायचं ठरवलं. मैत्रिणीला विचारलं, तर म्हणाली, "लिही, पण माझं नाव घालू नकोस. सगळी आळी केकची कृती विचारायला येईल." म्हणून ती इथे नुसती मैत्रीण.

ओळख २००० सालची. आम्ही दोघी मुंबईत बी.एड. करत होतो. माझं माहेर श्रीवर्धनकडचं, मुंबईत राहायला जोगेश्वरीला मामूंकडे. ती रोज वसईहून लोकलनं येणारी. सराव पाठांचे दिवस होते. रात्री जागून पाठ टाचणं काढायची, सकाळी तक्ते गुंडाळून शाळा गाठायची आणि मागच्या बाकावरच्या निरीक्षकांकडे न बघता पाठ घ्यायचा. त्या वर्षी रमजान डिसेंबरात आला होता. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो आणि साधारण तेहतीस वर्षांनी पुन्हा त्याच जागी येतो. त्या वर्षी नाताळ झाला आणि दोन-तीन दिवसांतच ईद आली.

डिसेंबरात मुंबईत मगरिब सहाच्या सुमारास होते आणि सहाला आम्ही लोकलमध्ये असायचो. ती माझ्यासाठी विरार फास्ट सोडून स्लो पकडायची आणि बोरिवलीला गाडी बदलायची. हे ती सोबतीसाठी करते, एवढंच तेव्हा मला वाटायचं. एका संध्याकाळी मी घड्याळ बघून खजूर तोंडात टाकला, तर तिनं पर्समधून कागदाची पुडी काढली. म्हणाली, "सकाळपासून ठेवलीय. तू खाल्ल्याशिवाय मीपण नाही खाल्लं." पुडीत शिंपल्यांसारखे दिसणारे, तळून साखरेत घोळवलेले छोटे तुकडे होते. कलकल. उभ्या गर्दीत, एका हातानं वरची कडी धरून खाल्लेला तो इफ्तार मला अजून आठवतो. शेजारच्या दोघी-तिघींनीही हात पुढे केला आणि अंधेरी यायच्या आत पुडी संपली.

ज्यांनी कलकल खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मैदा, नारळाचं दूध, थोडी साखर, तुपाचं मोहन. पीठ मळून त्याच्या सुपारीएवढ्या गोळ्या करायच्या. एकेक गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कंगव्यावर दाबून चपटी करायची आणि गुंडाळून उचलायची, म्हणजे वरती रेघा उमटतात. एका बाईचं हे काम नव्हे. नाताळच्या आधीच्या रविवारी घरातल्या, आळीतल्या बायका-मुलं जमतात, कंगवे वाटले जातात आणि गोळ्यांचा ढीग संपेपर्यंत गप्पा चालतात. आमच्याकडे ईदच्या आधी शेवया वळायच्या त्या दुपारी मला आठवल्या. नानीच्या अंगणातही अशीच पंगत बसायची. फक्त कंगवा नसायचा.

त्या ईदला ती मामूंच्या घरी आली. हातात बटर पेपरमध्ये गुंडाळलेला केक. मामीनं तो कापून शीरखुर्म्याच्या वाटीशेजारी ठेवला. केकमध्ये काय आहे, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

पुढे लग्न होऊन मी नालासोपाऱ्याला आले, म्हणजे तिच्यापासून एका स्टेशनावर. निळा डबा तेव्हा सुरू झाला. त्यात कलकल असतात, खोबऱ्याचं सारण भरलेल्या नेवऱ्या असतात (आपण करंज्या म्हणतो त्याच), तांदळाचं पीठ, गूळ आणि नारळाचं दूध तासन्‌तास ढवळून केलेला काळाभोर दोदोल असतो, तोंडात विरघळणारं मिल्क क्रीम असतं. आणि केक. तिच्या केकमध्ये काजू-बेदाण्यांबरोबर सुकेळी असतात. राजेळी केळी उन्हात वाळवून सुकेळी करतात, ती वसई-आगाशीकडची खासियत. तिची आई, म्हणजे आमच्या मावशी, ती बारीक चिरून संत्र्याच्या रसात भिजवतात. या रसाबद्दल पुढे सांगायचंय.

मी भाषा शिकवते, त्यामुळे डबा उघडला की माझं लक्ष शब्दांकडेही जातं. नाताळ हा शब्द पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आला. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्याकडे होती. पाव, चावी, पगार, बटाटा हे शब्दही त्यांचेच. उर्दूत आपण 'बडा दिन' म्हणतो आणि वाटतं की इथे तरी पोर्तुगीज नाहीत. पण उर्दूतले गिरजा आणि पादरी हे दोन्ही शब्द तिकडूनच आलेत. चव तर शब्दांच्याही पुढे गेलेली. एकदा मी नानीच्या पद्धतीनं सांदणं करून नेली. तांदळाचा रवा, नारळाचं दूध, वाफवलेली, मटणाच्या रश्श्याबरोबर खायची. मावशींनी एक तुकडा मोडला आणि म्हणाल्या, "अगं बाय, हे तर आमचं!" त्यांच्याकडेही सांदणं होतात. फरक इतकाच, की पूर्वी त्या पीठ फुगवायला ताडी घालायच्या आणि नानी यीस्ट. कोकणी मुसलमानाचं स्वयंपाकघर आणि वसईच्या ख्रिस्ती घराचं स्वयंपाकघर यांना एकच नारळ आणि एकच तांदूळ पुरलाय.

आता जे सांगायचं ते सांगते.

बारा-तेरा वर्षांपूर्वी डिसेंबरअखेर आमच्याकडे सासरचे एक नातेवाईक आले होते. वयानं मोठे, घरात त्यांचा शब्द चालायचा. टेबलावर निळा डबा होता, मी नुकताच उघडायला घेतला होता. त्यांनी विचारलं, "हे कुठून आलं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "त्यांच्या केकमध्ये दारू असते, माहीत नाही का? मुलीला हे खायला घालतेस?" मुलगी तेव्हा पाच-सहा वर्षांची, माझ्या पदराला धरून उभी होती. मी काहीच बोलले नाही. नाताळच्या केकचा सुका मेवा रममध्ये भिजवतात हे मी ऐकलं होतं, वाचलं होतं, आणि इतकी वर्षं ते मनाच्या मागच्या खोलीत ढकलून ठेवलं होतं. त्या क्षणी मला भीती कशाची वाटली ते अजून नीट सांगता येत नाही. गुनाहची वाटली असती तर त्याच दिवशी फोन करून विचारलं असतं. मला लाज वाटली होती, ती त्यांच्या नजरेची. डब्याचं झाकण लावलं आणि खाली जाऊन तो वॉचमनला देऊन आले. कलकलसुद्धा. दोदोलसुद्धा.

चार दिवसांनी ती आली. फाटकाशी वॉचमननं तिला सलाम केला आणि मोठ्या कौतुकानं रिकामा निळा डबा तिच्या हातात दिला. "टीचर, हा तुमचाच ना? तुम्ही आणताना बघितला होता. केक एक नंबर होता. पोरांनी रात्रीच संपवला." तो बिचारा खरंच आभार मानत होता. ती डबा घेऊन वर आली. तिनं चहा घेतला, मुलीच्या अभ्यासाची चौकशी केली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि निघाली. डबा तिच्या पिशवीत होता.

पुढच्या नाताळला निळा डबा आला नाही. ती स्वतः आली, नेहमीसारखी हसत. हातात मिठाईच्या दुकानातला पेढ्यांचा खोका. पाकीटबंद, वर शाकाहाराचा हिरवा ठिपका. तो ठिपका मला बोटानं दाखवत नव्हती ती, पण मला दुसरं काही दिसतच नव्हतं. त्याच्या पुढच्या वर्षीही पेढे. आम्ही फोनवर बोलायचो, परीक्षांबद्दल, मुलांबद्दल, वेतन आयोगाबद्दल. मैत्री तुटली नव्हती. पाकीटबंद झाली होती.

तिसऱ्या वर्षी कलकलच्या रविवारी मी न बोलावता वसईला गेले. ओटीवर सात-आठ बायका बसलेल्या. तिनं काही न बोलता एक कंगवा माझ्याकडे सरकवला. अर्धा तास वळल्यावर मीच म्हणाले, "त्या वर्षीचा डबा मी वॉचमनला दिला होता."

"माहीतंय."

"रमची भीती वाटली."

तिनं हातातली गोळी खाली ठेवली. "मग विचारायचं ना गं. तोंड नव्हतं का?"

मावशी आतून ऐकत होत्या. त्या मला हाताला धरून आत घेऊन गेल्या. ओट्यावर दोन बरण्या होत्या. एकीत रममध्ये भिजवलेला मेवा, घरच्या पुरुषमंडळींसाठी आणि पाहुण्यांसाठी. दुसरीत संत्र्याच्या रसात भिजवलेली सुकेळी आणि बेदाणे, झाकणाला लाल दोरा बांधलेला. त्या म्हणाल्या, "ही तुझी. तुम्ही शिकत होता तेव्हापासून. हिनं पहिल्याच वर्षी सांगितलं, माझी मैत्रीण रोजे धरते, तिचा वेगळा कर. भांडंही वेगळं." म्हणजे मामीनं शीरखुर्म्याशेजारी ठेवलेला तो पहिला केकसुद्धा रसाचाच होता. तिनं कधी सांगितलं नाही, कारण तिला ते सांगण्यासारखं वाटलं नाही. मी कधी विचारलं नाही, कारण मला उत्तराची धास्ती होती.

मी रडले, हे लिहायला हरकत नाही. मावशींनी पाणी दिलं आणि मग माझीही एक चूक पदरात घातली. माझ्या मुलीचा अकीका मार्चमधल्या एका शुक्रवारी होता. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस त्यांचा उपवासकाळ असतो आणि त्यातल्या शुक्रवारी ते मांस खात नाहीत. मैत्रीण आली होती, पंगतीला बसली होती, तिनं दहीकांदा आणि बाजूचा कोरडा भात खाल्ला आणि बिर्याणी शेजारच्या मुलाच्या ताटात सरकवली. मला वाटलं होतं, तिला आवडली नाही. मनात थोडी नाराजीही धरली होती. दहा वर्षं वर्गात ख्रिस्ती मुलं शिकवून मला उपवासकाळातला शुक्रवार माहीत नव्हता!

तेव्हापासून आम्ही सरळ विचारतो. कुठलं तूप, कुठला इसेन्स, आज शुक्रवार आहे का. उन्हाळ्यात तिच्याकडे बाटली मसाला कुटतात. वीस-पंचवीस प्रकारचे जिन्नस, आणि परंपरेनं तो बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून तर ते नाव. आमच्यासाठी ती तो रूहअफजाच्या बाटलीत भरून देते. बाटली मीच रिकामी करून पाठवते.

हे सगळं मी आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगितलं, तेव्हा हिंदीच्या बाई हसल्या. त्या अहिल्यानगरकडच्या प्रोटेस्टंट घरातल्या. म्हणाल्या, "आमच्या नाताळात रमचा वाससुद्धा नाही. आमच्याकडे चिवडा, करंज्या, शंकरपाळी. रात्री पेटी-तबला घेऊन घरोघरी गाणी." त्यांच्याकडे नारायण वामन टिळकांची भजनं म्हणतात. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि मराठी भजन-कीर्तन चर्चमध्ये नेलं. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई त्यांच्या पत्नी. म्हणजे ज्या एका वाक्यावर मी निळा डबा वॉचमनला दिला, ते 'त्यांच्या केकमध्ये दारू असते' हे वाक्य सगळ्या ख्रिस्ती घरांबद्दलही खरं नव्हतं. आपल्याबद्दल कुणी 'त्यांच्यात असंच असतं' म्हटलं की आपल्याला किती झोंबतं!

डिसेंबर आला की आता मोबाइलवर संदेश फिरू लागतात. मागच्या वर्षी मुलीनंच मला एक दाखवला. नाताळच्या शुभेच्छा देणं म्हणजे शिर्क, केक खाणं म्हणजे ईमान गमावणं. तिचा प्रश्न प्रामाणिक होता: "अम्मी, मग आपण चूक करतो का?" मी आलिमा नाही, फतवा देणं माझं काम नाही. शुभेच्छांबद्दल उलेमांमध्ये वेगवेगळी मतं आहेत आणि ज्या घरांत त्या देत नाहीत, त्यांच्या नियतवर मला शंका नाही. मुलीला मी माझ्यापुरतं सांगितलं. सूरह माइदाच्या पाचव्या आयतीत अहले-किताबचं अन्न आपल्याला हलाल सांगितलंय आणि आपलं त्यांना. दारू आणि डुक्कर हराम ते हरामच, आणि मांस असेल तर जबिहाचा प्रश्न येतो, तो विचारून घ्यायचा. हजरत ईसा (अ.) आपल्यासाठी अल्लाहचे पैगंबर आहेत, अल्लाहचे पुत्र नाहीत. हे मी मैत्रिणीला तोंडावर सांगितलंय. ती म्हणाली, "माहीतंय गं. मी काय तुला मिस्सेला बसवतेय?" आणि घ्यायचं नसेल तर 'आम्ही घेत नाही' असं नम्रपणे म्हणता येतं. ते मला चाललं असतं, तिलाही. घेऊन मागच्या दारानं वॉचमनला देणं, हे मात्र कुठल्याच मजहबात बसत नाही.

मुलीबरोबर त्या रात्री सूरह मरियम काढली. नानीला ती अरबीतून पाठ होती, अर्थ फारसा येत नव्हता. घरात कुणी गरोदर असलं की ती रोज बसून तिलावत करायची. आम्ही उर्दू तर्जुमा वाचला. हजरत मरियम एकट्या, कळा सोसत खजुरीच्या बुंध्याशी आलेल्या, आणि त्यांना सांगितलं जातं की बुंधा हलव, ताजे खजूर पडतील, खा आणि पाणी पी. मुलीनं विचारलं, "एवढ्या कळांमध्ये झाड कसं हलवणार?" मी म्हटलं, हे तू बाळंतपण झालेल्या बाईला विचार. याच सूरहच्या सुरुवातीच्या आयती हजरत जाफर (रजि.) यांनी हबशाच्या ख्रिस्ती राजाला, नजाशीला ऐकवल्या होत्या आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मक्केहून जीव वाचवून गेलेल्यांना त्यानंच आसरा दिला.

मैत्रिणीला मी खजुरीची गोष्ट सांगितली, तर तिला ती नवीन होती. तिच्या ओटीवर दर वर्षी गव्हाण मांडतात. गवताचा गोठा, मेंढपाळ, गाय, गाढव. त्यात खजूर नाही. आणि आपल्या कथेत योसेफ नाही, याचं तिला फार वाईट वाटलं. "अगदी एकटी?" असं दोनदा विचारलं तिनं. मावशींनी मग त्यांच्या लहानपणची मिस्सा सांगितली. तेव्हा ती लॅटिनमध्ये असायची, फादर बोलायचे आणि लोक गुडघे टेकून ऐकायचे, अर्थ कुणालाच कळायचा नाही. १९६०च्या दशकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली. "पहिल्यांदा समजली तेव्हा भीतीच वाटली," मावशी म्हणाल्या. "वाटलं, इतकं सोपं होतं हे?" मला नानी आठवली.

गेल्या नाताळला मी निळा डबा रिकामा पाठवला नाही. तळाशी अजवा खजूर ठेवले होते, उमरा करून आलेल्या शेजारणीनं दिलेले.

यंदा २१ डिसेंबरला रविवार आहे. मुलगी येणार म्हणते. मावशींना आता नीट दिसत नाही, त्या फक्त गोळ्या करतात, वळायचं आमच्याकडे. मैत्रिणीचा निरोप कालच आला: येताना नवे कंगवे घेऊन ये, चार तरी. मागच्या वर्षीचे पाहुण्यांनी केसांना लावले.